'प्रेडिक्ट' म्हणजे नेमकं काय? अर्थ, उगम आणि संशोधनातला वापर



मागच्या महिन्यात एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांनी त्यांची रिसर्च प्रपोजल्स मला वाचायला दिली. दोन्हींत मिळून 'प्रेडिक्ट', 'प्रेडिक्शन', 'प्रेडिक्टर' हे शब्द एकतीस वेळा आले होते. मी पेन्सिल घेऊन प्रत्येकाखाली रेघ मारली. त्यातले फार तर चार-पाच बरोबर होते. मला हसू आलं नाही, कारण माझ्या स्वतःच्या पहिल्या पेपरमध्ये हा शब्द थेट शीर्षकात चुकला होता. ती चूक मला आठ महिन्यांना पडली. म्हणून आजचा लेख या एका क्रियापदावर.

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगते. माझं काम विहिरींच्या पाणीपातळीवर आहे. एका दुष्काळी तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या अनेक वर्षांच्या नोंदी, पाऊस, मातीचा प्रकार आणि आजूबाजूची पिकं हे सगळं घेऊन मी एक मॉडेल बनवलं. आर-स्क्वेअर आला ०.८९. मी खूश! पेपरचं शीर्षक ठेवलं 'प्रेडिक्टिंग ग्राउंडवॉटर लेव्हल्स' वगैरे, आणि दिला पाठवून. परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता की यात प्रेडिक्ट काय केलं आहे? पेपर परत आला. मी तो घेऊन सरांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "अगं, पाणी मोजायच्या आधी तू काही सांगितलं होतंस का?"

नव्हतं सांगितलं. सगळ्या नोंदी माझ्या हातात होत्या आणि त्यांच्यावर मी रेषा बसवली होती, इतकंच.

अर्थ आणि उगम

प्रेडिक्ट हा शब्द लॅटिनमधून आला. 'प्राए' म्हणजे आधी आणि 'डिकेरे' म्हणजे सांगणे, बोलणे. दोन्ही मिळून 'प्राएडिकेरे', म्हणजे आधी सांगणे. 'डिकेरे'चं कुटुंब तुमच्या ओळखीचं आहे: डिक्शनरी, डिक्टेशन, कॉन्ट्राडिक्ट (विरुद्ध बोलणे), व्हर्डिक्ट (खरं बोलणे, म्हणून निकाल). इंग्रजीत प्रेडिक्ट आणि प्रेडिक्शन हे शब्द सोळाव्या-सतराव्या शतकात रुळले.

एक सावधानता. व्याकरणात आणि तर्कशास्त्रात 'प्रेडिकेट' असा शब्द येतो. तो दिसायला सख्खा भाऊ वाटतो, पण तो 'जाहीर करणे' अशा अर्थाच्या वेगळ्या लॅटिन क्रियापदातून आला आहे. भविष्याशी त्याचा संबंध नाही. दोघांची गल्लत करू नका.

आता मराठीकडे बघा. शास्त्रीय परिभाषेत प्रेडिक्शनला 'प्रागुक्ती' असाही एक शब्द आहे. प्राक् म्हणजे आधी, उक्ती म्हणजे बोलणं. लॅटिन शब्दाची रचना जशीच्या तशी संस्कृतात! आपला नेहमीचा शब्द 'भाकीत' हाही बोलण्यातूनच आलाय. 'करुणा भाकणे', 'भाक देणे' यातलं भाकणं तेच. भाकीत म्हणजे भाकलेलं, बोललेलं.

या सगळ्या शब्दांत दोन गोष्टी आहेत: एक 'आधी' आणि दुसरी 'सांगणे'. मनात वाटलं होतं, ते चालत नाही, सांगायला लागतं. आणि नंतर सांगून चालत नाही, आधी सांगायला लागतं. माझ्या पेपरमध्ये दोन्ही नव्हतं.

शेजारचे शब्द

इंग्रजीत भविष्य सांगण्यासाठी बरीच क्रियापदं आहेत. संशोधनात लागतात त्यांच्याबद्दल थोडं विस्ताराने, बाकीच्यांचं थोडक्यात.

फोरकास्ट. 'फोर' म्हणजे आधी. 'कास्ट' म्हणजे फेकणे, आणि जुन्या इंग्रजीत हिशेब मांडणे, आखणी करणे असाही अर्थ. गंमत म्हणजे आपल्या 'अंदाज' शब्दाचंही मूळ फेकण्यातच आहे. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे. गोलंदाज, तिरंदाज यातला 'अंदाज' तोच. म्हणजे हवामानाचा 'अंदाज' हे 'फोरकास्ट'चं फार जवळचं भाषांतर आहे.

हवामानासाठी हा शब्द रूढ केला रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विन ज्या बीगल जहाजातून जगभर फिरला, त्याचे हे कप्तान. पुढे १८५४ मध्ये ते ब्रिटनच्या नव्या हवामान विभागाचे प्रमुख झाले आणि ऑगस्ट १८६१ पासून त्यांचे हवामान अंदाज लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये यायला लागले. पंचांगवाले आणि ज्योतिषी यांच्या पंक्तीत आपल्याला बसवतील याची त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी आवर्जून लिहून ठेवलं, की ही भविष्यवाणी नाही आणि प्रेडिक्शनही नाही. निरीक्षणं एकत्र करून, हिशेब करून बनवलेलं हे मत आहे, त्याला फोरकास्ट म्हणा.

हा फरक आजही उपयोगी आहे. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतो तेव्हा तो दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के, अधिक-उणे ५ टक्के, असा देतो. फोरकास्टमध्ये काळ असतो आणि बहुतेकदा शक्यता किंवा त्रुटीची मर्यादाही सोबत असते. भूकंपशास्त्रात तर ही सीमा फार कडक पाळतात. कुठे, कधी आणि किती तीव्रतेचा, हे तिन्ही सांगितलं तरच ते प्रेडिक्शन. 'या भागात येत्या तीस वर्षांत मोठ्या भूकंपाची शक्यता इतकी' हे फोरकास्ट.

प्रोजेक्ट. हवामान बदलाच्या अहवालांत हा शब्द सारखा भेटतो. प्रोजेक्शन सशर्त असतं: उत्सर्जन असं राहिलं तर तापमान इतकं वाढेल. ते 'तर' काढून टाकलं की वाक्य चुकीचं होतं.

प्रॉफेसाय. ही दैवी किंवा अंतःप्रेरणेची भविष्यवाणी. शोधनिबंधात हा शब्द लागत नाही, पण स्पेलिंगचा सापळा आहे. क्रियापदात एस आणि उच्चार 'प्रॉफिसाय'. नामात सी आणि उच्चार 'प्रॉफिसी'.

ऑगर. प्राचीन रोममध्ये पक्ष्यांच्या हालचाली पाहून कौल देणारे पुरोहित म्हणजे ऑगर. 'इनॉगुरेशन' त्यांच्यावरूनच आलं. आपल्याकडे 'शकुन' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे. लेखात 'धिस ऑगर्स वेल' म्हणजे लक्षणं चांगली आहेत. थिसिसमध्ये टाळलेलं बरं.

विज्ञानात 'आधी' म्हणजे कशाच्या आधी?

हा लेखाचा मुख्य भाग आहे, नीट वाचा. बहुतेकांना वाटतं प्रेडिक्ट म्हणजे भविष्यकाळाबद्दल बोलणं. विज्ञानात तसं असलंच पाहिजे असं नाही. तिथे 'आधी' म्हणजे पुरावा पाहण्याच्या आधी.

नेपच्यूनचं उदाहरण घेऊ. युरेनस हा ग्रह गणितानुसार जिथे असायला हवा तिथे नसायचा. फ्रान्सचे ल व्हेरिए यांनी विचार केला, की पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असेल. त्यांनी कागदावर त्या ग्रहाची जागा काढली आणि बर्लिन वेधशाळेतल्या योहान गाले यांना पत्र लिहिलं. २३ सप्टेंबर १८४६ रोजी पत्र पोचलं. त्याच रात्री गाले आणि त्यांच्यासोबतचा डारेस्ट नावाचा विद्यार्थी दुर्बिणीपाशी बसले. नव्या तारानकाशाशी ताडून बघू, ही सूचना त्या विद्यार्थ्याची. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत ग्रह सापडला.

आता विचार करा. नेपच्यून तिथे अब्जावधी वर्षं होताच. ल व्हेरिएंनी 'भविष्यात काय घडेल' हे सांगितलं नाही, 'कुठे बघितलंत तर काय दिसेल' हे सांगितलं. कुणी बघण्याच्या आधी आणि लेखी सांगितलं. म्हणून ते प्रेडिक्शन.

याच माणसाची दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. बुधाच्या कक्षेतही थोडी गडबड होती. १८५९ मध्ये ल व्हेरिएंनी तीच युक्ती वापरली, की सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी असणार. त्या कल्पित ग्रहाचं 'व्हल्कन' असं नावही पडलं. कित्येक वर्षं लोक शोधत राहिले. व्हल्कन सापडला नाही, कारण तो नव्हताच. माणूस तोच, पद्धत तीच, एकदा जगभर कौतुक आणि एकदा हात रिकामे. तरी दुसरंही तितकंच खरं प्रेडिक्शन होतं. ते चुकू शकत होतं आणि चुकलं. जे चुकूच शकत नाही, त्याला प्रेडिक्शन म्हणता येत नाही.

बुधाचं कोडं सुटलं १९१५ मध्ये. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतातून शतकाला साधारण ४३ आर्कसेकंद हा आकडा बरोबर बाहेर पडला. पण तो आकडा खगोलशास्त्रज्ञांना आधीच माहीत होता. म्हणून काटेकोर बोलायचं तर सिद्धांताने ते 'एक्स्प्लेन' केलं. काही जण याला 'रेट्रोडिक्शन' म्हणतात, म्हणजे मागचं सांगणं. याच सिद्धांताने सूर्याजवळून येणारा प्रकाश १.७५ आर्कसेकंद वाकेल असंही सांगितलं होतं, आणि ते तोवर कुणी मोजलं नव्हतं. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ते तपासलं गेलं आणि निकाल सिद्धांताच्या बाजूने आला. हे प्रेडिक्शन. एकाच सिद्धांताची ही दोन फळं आहेत, पण क्रियापदं दोन वेगळी.

घरचं उदाहरण

पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकरही त्यात होते. २०० मुलांच्या जन्मवेळा मिळवून कुंडल्या बनवल्या. त्यातली १०० मुलं शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, १०० मतिमंद मुलांच्या संस्थांमधली. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या पाठवल्या आणि विचारलं, कोणती कुंडली कोणत्या गटातली? २७ जणांची उत्तरं आली. सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तर ५०.

निकाल बाजूला ठेवा, चाचणीची रचना बघा. इथेही भविष्यकाळ कुठेच नाही. मुलं मोठी झालेली आहेत, उत्तर संशोधकांकडे तयार आहे. फक्त ते उत्तर सांगणाऱ्यापासून लपवलेलं आहे. ज्योतिषाला मूल दाखवून मग कुंडलीतलं कारण विचारलं असतं, तर प्रत्येक वेळी काही ना काही कारण निघालं असतं. मुद्दाम थोडं टोचेल असं लिहिते: माझा ०.८९ हा तसाच होता. मूल समोर बसवून मी कुंडली वाचत होते.

आकडेशास्त्रातला घोळ

आपली चूक होते त्यात सॉफ्टवेअरचाही थोडा हात आहे. आर असो वा पायथन, मॉडेल बसवल्यावर आपण जे फंक्शन चालवतो त्याचं नावच 'प्रेडिक्ट' आहे. ज्या नोंदींवर मॉडेल शिकलं त्याच नोंदी परत दिल्या तरी ते आकडे देतं. त्या आकड्यांना 'फिटेड व्हॅल्यूज' म्हणायचं, प्रेडिक्टेड नाही.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. पेपर परत आल्यावर मी नोंदी शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या अशा दोन भागांत चिठ्ठ्या टाकून वाटल्या. तपासणीच्या भागावर आर-स्क्वेअर आला ०.८६. मला वाटलं, झालं काम! सरांनी विचारलं, "एकाच विहिरीची मार्चची नोंद या भागात आणि मेची त्या भागात, असं नाही ना झालं?" झालं होतं. मॉडेलने विहीर ओळखली होती, पाणी ओळखलं नव्हतं. मग अख्ख्या विहिरी आणि शेवटची तीन वर्षं पूर्ण बाजूला ठेवून तपासलं. आर-स्क्वेअर ०.५४. त्या रात्री मी जेवले नाही. पण माझ्या पीएचडीतला पहिला प्रामाणिक आकडा तो होता.

तिसरी गोष्ट, 'प्रेडिक्टर' म्हणजे कारण नाही. बॅरोमीटरचा पारा उतरला की वादळ येतं, पण पारा धरून ठेवला म्हणून वादळ थांबत नाही. उलटही खरं आहे. भूपट्टांच्या हालचालींनी भूकंप का होतात हे छान समजतं, पण उद्या होईल का हे सांगता येत नाही. समजावणं आणि आधी सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. गॅलिट श्मुएली यांचा २०१० चा 'टू एक्स्प्लेन ऑर टू प्रेडिक्ट' हा लेख याच विषयावर आहे, जरूर वाचा.

आणि चौथी गोष्ट प्रामाणिकपणाची. निकाल पाहिल्यावर त्याला साजेसं गृहीतक लिहायचं आणि 'वुई प्रेडिक्टेड' म्हणून प्रस्तावनेत टाकायचं, याला नॉर्बर्ट कर यांनी १९९८ मध्ये 'हार्किंग' असं नाव दिलं. बाण आधी मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचं, असला प्रकार. हे टाळण्यासाठी आता प्री-रजिस्ट्रेशन करतात, म्हणजे गृहीतकं डेटा पाहण्याआधी तारखेसह नोंदवून ठेवायची.

वाक्यात कसं वापरायचं?

• प्रेडिक्टनंतर 'अबाउट' लावू नका. मराठीत आपण 'पातळीबद्दल भाकीत केलं' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'प्रेडिक्टेड अबाउट द लेव्हल' लिहितो. बरोबर रूप: 'प्रेडिक्टेड द लेव्हल' किंवा 'प्रेडिक्टेड दॅट द लेव्हल वुड फॉल'.

• 'प्रेडिक्ट इन ॲडव्हान्स' नको. 'प्री'मध्ये आधी आलंच आहे. आधी आगाऊ सांगणे असं होतं ते.

• 'प्रेडिक्टिव्ह' आणि 'प्रेडिक्टेबल' वेगळे. मॉडेल प्रेडिक्टिव्ह असतं, म्हणजे सांगू शकणारं. पाऊस प्रेडिक्टेबल असतो किंवा नसतो, म्हणजे सांगता येण्यासारखा.

• फोरकास्टचं भूतकाळी रूप 'फोरकास्ट' किंवा 'फोरकास्टेड', दोन्ही चालतात. एका लेखात एकच ठेवा.

• नुसता परस्परसंबंध दाखवला असेल तर 'इज असोसिएटेड विथ' लिहा. शब्द साधा आहे, पण व्हायव्हाला वाचवतो.

आणि लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे मी उत्तर पाहण्याआधी सांगितलं होतं का? कुठे लिहून ठेवलंय का? काय दिसलं असतं तर मी चुकले असं मान्य केलं असतं? तिन्हींची उत्तरं असतील तर बिनधास्त 'प्रेडिक्ट' लिहा.

शेवटी, विहिरींचं काय झालं?

पेपरचं शीर्षक बदललं आणि तो छापून आला. पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती. मोजमाप करायला जाते त्या गावातल्या एक मावशी दर वेळी विचारायच्या, "ताई, यंदा पाणी कुठवर पुरंल?" त्यांना आर-स्क्वेअर नको होता. त्यांचा प्रश्न खरा प्रेडिक्शनचा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून गेल्या मे महिन्यात २४ विहिरींची ऑक्टोबरमधली पातळी किती असेल हे मी आधी लिहून काढलं. प्रत्येकीसाठी एक आकडा आणि भोवती एक पट्टा. पाऊस जसा असेल तसा नंतर भरायचा, बाकी मॉडेलला हात लावायचा नाही, असंही लिहिलं. फाईल सरांना मेल करून टाकली, म्हणजे नंतर बदलायचा मोह नको. माझ्या हिशेबाने शंभरातल्या ८० विहिरी पट्ट्यात यायला हव्या होत्या, म्हणजे २४ पैकी १९ च्या आसपास. आल्या १५.

चुकलेल्या नऊपैकी सहा विहिरींत पाणी माझ्या अंदाजापेक्षा बरंच खाली होतं. फिरून बघितलं तर त्या सहाही ठिकाणी शेजारी प्लास्टिक अंथरलेली शेततळी होती. पाऊस संपता संपता विहिरीचं पाणी उपसून शेततळ्यात भरून ठेवतात. माझ्या मॉडेलमध्ये शेततळं नावाची गोष्टच नव्हती. ०.८९ वाल्या मॉडेलने मला हे कधीच सांगितलं नसतं. चुकलेल्या भाकिताने एका दिवसात सांगितलं.

यंदा शेततळी मोजून घेतली आहेत. मेमध्ये नवी फाईल जाईल. मावशींना आता मी सांगते, "मावशी, नक्की नाही सांगता येत, पण पाऊस सरासरीइतका झाला तर जानेवारीपर्यंत पुरायला हवं. माझं चुकतंय का ते ऑक्टोबरात येऊन बघते." त्या म्हणाल्या, "बघा बया, मी पण ध्यानात ठिवते."

पुढच्या लेखात 'सिग्निफिकंट' या शब्दाचा असाच समाचार घेऊ. तोपर्यंत आपापल्या प्रपोजलमधले 'प्रेडिक्ट' मोजा आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने रेघ मारा. अभ्यासाला शुभेच्छा!